रंगीत कॅन्यनमधली बाइक राइड आणि तुमचा फोन: नेटवर्क संपल्यावर काय चालतं, काय बंद पडतं

अमेरिकेच्या नैऋत्येला यूटा, ॲरिझोना, कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिको ही चार राज्यं जिथे भेटतात, त्या भोवतीच्या उंच वाळवंटी पठाराला कोलोरॅडो पठार म्हणतात. झायन, ब्राइस, कॅपिटल रीफ, आर्चेस, मॉन्युमेंट व्हॅली ही सगळी नावं याच पठारावरची. इन्स्टावर लाल-केशरी दगडांमधून एकटी बाइक चाललीय असं रील दिसलं, तर बहुतेक वेळा ते इथलंच असतं. मी भाड्याच्या बाइकवर या भागात दोनदा फिरलोय आणि पोटापाण्यासाठी लोकेशनशी संबंधित सॉफ्टवेअर लिहितो. त्यामुळे या लेखात "कुठे राहायचं, काय खायचं" मिळणार नाही. हँडलवर लावलेला फोन अशा रस्त्यावर आतून काय करत असतो, कुठे त्याच्यावर विसंबून चालतं आणि कुठे ते जिवावर बेतू शकतं, एवढंच सांगतो. शिकायला किंवा नोकरीला तिकडे गेलेली आपली बरीच पोरं लाँग वीकेंडला हीच राइड ठरवतात, म्हणून हे एका ठिकाणी लिहून ठेवतोय.

आधी रस्त्यांचा अंदाज घेऊ. सगळ्यात गाजलेला म्हणजे यूटा १२. लांबी साधारण २०० किमी. ब्राइसच्या बाजूने निघून टोरी गावाला संपतो. एस्कलांटे आणि बोल्डर या गावांच्या मध्ये 'हॉगबॅक' नावाचा तुकडा आहे. तिथे रस्ता डोंगराच्या कण्यावरून जातो, दोन्ही बाजूंना खोल उतार आणि बऱ्याच ठिकाणी कठडाच नाही. पुढे हाच रस्ता बोल्डर माउंटनवर जवळपास २,९०० मीटरपर्यंत चढतो. खाली टी-शर्टवर घाम आणि वर जॅकेटची चेन गळ्यापर्यंत, हे एकाच दिवसात होतं. दुसरा यूटा ९५, हँक्सव्हिल ते ब्लँडिंग, सुमारे १९५ किमी. मध्ये गाव म्हणावं असं काहीच नाही. आय-७० महामार्गावर ग्रीन रिव्हर ते सलायना या सुमारे १७५ किमीच्या पट्ट्यात पेट्रोल पंपसुद्धा नाही, आणि हा तर मुख्य इंटरस्टेट! मुंबई-पुणे अंतरापेक्षा मोठा टप्पा, आणि वाटेत चहाची टपरीही नाही. तिथल्या क्रूझर बाइकची टाकी लहान असेल तर हे गणित निघण्याआधी कागदावर मांडायचं. फोनवरचा 'जवळचा पंप' हा शोध नेटवर्क गेल्यावर चालेलच असं नाही.

नेटवर्क नाही, तरी निळा ठिपका कसा हलतो?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. जीपीएसला इंटरनेट लागत नाही. तुमचा फोन उपग्रहाला काहीच पाठवत नाही, तो फक्त ऐकतो. सुमारे २०,२०० किमी उंचीवरून फिरणारे जीपीएस उपग्रह सतत "मी अमुक, माझी वेळ अमुक" असं सांगत असतात. ते ऐकू यायला किती वेळ लागला यावरून फोन प्रत्येक उपग्रहापर्यंतचं अंतर काढतो. असे किमान चार उपग्रह मिळाले की तुमची जागा आणि अचूक वेळ दोन्ही सुटतात. चौथा लागतो, कारण फोनचं घड्याळ उपग्रहातल्या अणुघड्याळाइतकं नेमकं नसतं.

मग नेटवर्क गेल्यावर ठिपका कधी कधी अडकून का बसतो? कारण सुरुवात करताना फोन चीटिंग करतो. कुठला उपग्रह आत्ता कुठे आहे, ही माहिती तो इंटरनेटवरून दोन सेकंदांत घेतो. यालाच असिस्टेड जीपीएस म्हणतात. इंटरनेट नसेल तर तीच माहिती थेट उपग्रहाकडून घ्यावी लागते, आणि तिचा वेग आहे सेकंदाला ५० बिट. किलोबिट नाही, बिट! एका उपग्रहाची स्वतःच्या कक्षेची माहिती यायला साधारण अर्धा मिनिट लागतं, आणि सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक यायला साडेबारा मिनिटं. कक्षेची माहिती काही तासांत शिळी होते. म्हणून रात्री फोन बंद करून सकाळी नेटवर्क नसलेल्या कॅम्पवरून निघालात, तर पहिला ठिपका यायला वेळ लागतो. बाइक चालू करून लगेच पळू नका. उघड्या आकाशाखाली फोन दोन-तीन मिनिटं स्थिर ठेवा. हलत्या बाइकवर, कॅन्यनच्या आत, हेच काम त्याला खूप जड जातं.

फोन विमान मोडवर टाकला तरी जीपीएस चालू राहतं, आणि अशा ठिकाणी तो टाकायलाच हवा. टॉवर सापडत नसेल तर फोन जास्त ताकद लावून शोधत राहतो, बॅटरी संपते आणि फोन तापतोही. मात्र गावाजवळ आल्यावर मोड काढायला विसरू नका. घरचे काळजीत असतात.

कॅन्यनच्या भिंती ठिपक्याला का फसवतात

उपग्रहाचा सिग्नल जमिनीवर पोहोचेपर्यंत अगदी क्षीण झालेला असतो. दोन्ही बाजूंना शंभर-दोनशे मीटरच्या भिंती असतील तर आकाशाची एक चिंचोळी पट्टीच दिसते. त्यातले उपग्रह एका रांगेत आल्यासारखे असतात आणि अशा मांडणीतून जागा नीट सुटत नाही. त्यात भर म्हणजे सिग्नल भिंतीवर आपटून येतो. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटीमीटर जातो. सिग्नल फिरून आल्यामुळे १०० नॅनोसेकंद उशिरा पोहोचला, तर फोनला तो उपग्रह ३० मीटर जास्त लांब वाटतो. ठिपका नदीच्या पलीकडे उडी मारतो तो यामुळेच.

दोन गोष्टींनी यात सुधारणा झाली आहे. एक, आताचे फोन फक्त अमेरिकेचं जीपीएस ऐकत नाहीत. रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ आणि चीनचं बायडू हेही ऐकतात, म्हणजे एकूण शंभराहून जास्त उपग्रह. आपलं नाविक मात्र तिथे उपयोगाचं नाही. ते भारत आणि भोवतीच्या सुमारे १,५०० किमीसाठीच बांधलंय. दुसरी गोष्ट म्हणजे एल-५ नावाची दुसरी फ्रिक्वेन्सी. जुन्या एल-१ सिग्नलमधल्या सांकेतिक तुकड्याची लांबी सुमारे ३०० मीटर, एल-५ ची फक्त ३० मीटर. तुकडा जितका लहान, तितका मूळ सिग्नल आणि भिंतीवरून आलेला प्रतिध्वनी वेगळा ओळखणं सोपं. २०१८ मध्ये शाओमीच्या मी-८ या फोनमध्ये हे पहिल्यांदा आलं. आता मधल्या किमतीच्या बऱ्याच फोनमध्ये आहे. तुमच्या फोनमध्ये आहे का हे 'जीपीएसटेस्ट'सारख्या मोफत ॲपमध्ये दिसतं. त्यासाठी यूटाला जायची गरज नाही, पावसाळा सोडून सांदण दरीत उतरलात तरी फरक कळेल.

गंमत म्हणजे ॲप ही चूक झाकतं. ठिपका रस्त्यापासून वीस-तीस मीटर सरकला, तरी नेव्हिगेशन ॲप त्याला ओढून जवळच्या रस्त्यावर बसवतं. कॅन्यनमध्ये एकच रस्ता असेल तर काही बिघडत नाही. शेजारी कच्चा रस्ता समांतर जात असेल, तर ॲप पूर्ण आत्मविश्वासाने चुकीच्या रस्त्यावर बसवू शकतं. झायनमधल्या १९३० साली खुल्या झालेल्या सुमारे १.८ किमीच्या बोगद्यात तर सिग्नलची अपेक्षाच नको. तिथे ॲप शेवटचा वेग धरून अंदाजाने ठिपका पुढे ढकलतं.

ऑफलाइन नकाशा: डाउनलोड केला म्हणजे झालं असं नाही

गूगल मॅप्समध्ये भाग निवडून डाउनलोड करता येतो. ॲपल मॅप्समध्ये ही सोय २०२३ मध्ये आयओएस १७ सोबत आली. ऑर्गॅनिक मॅप्स आणि ऑस्मअँड ही ॲप ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा वापरतात आणि मुळातच ऑफलाइनसाठी बनलेली आहेत. मी दोन वेगवेगळी ठेवतो, कारण दोघांचा डेटा वेगळा आणि चुकाही वेगळ्या.

ऑफलाइन असताना रहदारी, बंद रस्ते, हवामान यातलं काहीच कळत नाही. डाउनलोड केलेल्या चौकटीबाहेर गेलात की नवीन मार्गही निघत नाही. म्हणून चौकट घेताना फक्त रस्त्यापुरती घेऊ नका, दोन्ही बाजूंची गावं आत येऊ द्या. आणि हॉटेलवर बसून विमान मोड लावा, पूर्ण मार्ग एकदा काढून बघा. निघाला तर नकाशा खरंच आहे.

पण या भागातला खरा धोका वेगळाच आहे: शॉर्टकट. ॲरिझोनातल्या पेजहून ब्राइसकडे जाताना नकाशावर कॉटनवुड कॅन्यन रोड दिसतो. सुमारे ७४ किमीचा, अंतर वाचवणारा, दिसायला अप्रतिम आणि बहुतांश कच्चा. कोरडा असताना स्थानिक लोक त्यावरून गाड्या नेतात. पाऊस पडला की चित्र बदलतं आणि त्याचं कारण त्या सुंदर रंगांतच आहे.

लाल दगड लाल आहेत ते लोहामुळे. वाळूच्या कणांवर हेमॅटाइटचा, म्हणजे साध्या भाषेत गंजाचा, पातळ थर असतो. जिथे जमिनीखालच्या द्रवांनी ते लोह धुऊन नेलं, तिथे तोच वालुकाश्म पांढरा पडला. झायनमधल्या उंच भिंती नवाहो वालुकाश्माच्या आहेत. जुरासिक काळातल्या वाळूच्या टेकड्याच दगड होऊन उभ्या राहिल्यात. पण जांभळे, राखाडी, हिरवट पट्टे दिसतात ते बऱ्याचदा चिखलाचे दगड असतात. उदाहरणार्थ चिनली नावाचा थर. त्यात ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेली बेंटोनाइट माती असते. ही माती पाणी पिऊन फुगते आणि साबणासारखी होते. टायरच्या खाचा दहा मीटरमध्ये भरतात, मडगार्डखाली चिखल अडकून चाक फिरायचं थांबतं. दोनशे-अडीचशे किलोची बाइक तिथून एकट्याने निघत नाही. आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यात काळ्या मातीत पावसाळ्यात बाइक घातलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. फरक एवढाच की तिथे हाक मारली तर ट्रॅक्टर येत नाही.

नकाशा हे सांगत नाही, कारण त्याच्यासाठी तो फक्त एक रस्ता असतो. लोकप्रिय ॲपमध्ये टोल टाळा, महामार्ग टाळा असे पर्याय असतात. ऑस्मअँडमध्ये कच्चे रस्ते टाळा हा पर्यायही आहे. तो चालू ठेवा, आणि कुठलाही अनोळखी फाटा घ्यायच्या आधी सॅटेलाइट चित्र बघून डांबर आहे का ते तपासा. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत नेव्हिगेशनच्या नादाने भलत्याच रस्त्यावर जाऊन लोकांचे जीव गेल्यावर तिथल्या रेंजर्समध्ये 'डेथ बाय जीपीएस' हा शब्दच रूढ झाला.

फोनचं घड्याळ वेडं होतं तेव्हा

हा भाग मला स्वतःला फार आवडतो. ॲरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. त्याच राज्यातलं नवाहो नेशन मात्र करतं. आणि नवाहो नेशनच्या पोटात असलेली होपी लोकांची भूमी पुन्हा करत नाही! म्हणजे उन्हाळ्यात सरळ रस्त्याने जाताना दोन-तीन तासांत घड्याळ अनेकदा एक तास पुढे-मागे होऊ शकतं. फोनला जो टॉवर मिळेल त्यावरून तो वेळ ठरवतो, त्यामुळे सीमेजवळच्या पेजसारख्या गावात एका जागी बसूनही वेळ उडी मारू शकते. अँटिलोप कॅन्यन नवाहो भूमीवर आहे, पण तिथल्या टूर ॲरिझोनाच्या वेळेने निघतात. मॉन्युमेंट व्हॅली नवाहो वेळेने चालते. बुकिंग हुकू नये म्हणून सेटिंगमधली 'आपोआप टाइमझोन' सोय बंद करा आणि फीनिक्स किंवा डेनव्हर असं हाताने निवडा. जगभरातले फोन आणि सर्व्हर जो टाइमझोनचा डेटाबेस वापरतात, त्यात 'नवाहो' हे डेनव्हरचं टोपणनाव म्हणून खरंच नोंदलेलं आहे.

ऊन आणि धक्के

ॲपलच्या सूचनेनुसार आयफोन वापरायचं तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस. मोॲबमध्ये जुलैतली दुपार सहज त्याच्या वर जाते, आणि थेट उन्हातल्या काळ्या काचेचं तापमान हवेपेक्षा कितीतरी जास्त असतं. मग फोन स्वतःला वाचवतो: आधी स्क्रीन मंद, मग चार्जिंग बंद, शेवटी इशारा दाखवून सगळंच बंद. हे नेमकं फाट्यावर होतं, कारण फाट्यावर तुम्ही थांबता आणि वारा थांबतो. वायरलेस चार्जिंग माउंट उन्हाळ्यात वापरू नका, त्यात ऊर्जेचा बराच भाग उष्णताच होतो. वायर बरी. मी तर स्क्रीन बंद ठेवून हेल्मेटमध्ये फक्त आवाजाच्या सूचना ऐकतो. फोन जॅकेटच्या आतल्या खिशात. वळणं कमी, रस्ते मोजके, नकाशा बघायची गरजच फारशी पडत नाही.

धक्क्यांचा मुद्दा वेगळा आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने जाहीर सांगितलं की मोठ्या मोटरसायकल इंजिनाचे धक्के कॅमेऱ्यातलं ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन आणि ऑटोफोकस बिघडवू शकतात. या यंत्रणेत लेन्स चुंबकाच्या जोरावर, जायरोस्कोप सांगेल तशी हलते. तिला तासन्‌तास हँडलवर थरथरवलं तर काय होणार? अँड्रॉइड फोनमध्येही असंच स्टॅबिलायझेशन असेल तर तोच धोका. रबरी डॅम्पर असलेला माउंट घ्या, किंवा हँडलवर जुना फोन लावा. दुसरा पर्याय मला जास्त शहाणपणाचा वाटतो.

फोटोंबद्दल एकच. लाल भिंतीने पूर्ण फ्रेम भरली की फोनला वाटतं, उजेडच लालसर आहे. तो दुरुस्ती करायला जातो आणि दगड फिका पडतो. प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स ५,२०० ते ५,५०० केल्व्हिनच्या आसपास लॉक करा, किंवा फ्रेममध्ये थोडं आकाश घ्या.

मदत मागायची वेळ आली तर

जुलै ते सप्टेंबर हा तिथलाही मान्सून. डोक्यावर निळं आकाश असताना पंधरा-वीस किलोमीटरवर पडलेल्या पावसाचं पाणी चिंचोळ्या घळीत भिंतीसारखं येतं. १४ सप्टेंबर २०१५ रोजी झायनच्या कीहोल कॅन्यनमध्ये उतरलेल्या सात जणांचा असाच बळी गेला. अमेरिकेत पुराचा इशारा टॉवरवरून थेट फोनवर येतो. २०२३ मध्ये आपल्याकडे मोठा आवाज करून जे चाचणी मेसेज आले होते, तेच तंत्रज्ञान. पण टॉवरच नसेल तर इशारा येणार कुठून? म्हणून सकाळी नेटवर्क आहे तोवर हवामान बघायचं. आणि रस्त्यावरून पाणी वाहताना दिसलं तर बाइक घालायची नाही, उंचावर थांबायचं. बहुतेक लोंढे काही तासांत ओसरतात.

अपघात झाला, तर आधी ९११ लावून बघा. तुमच्या कंपनीचं नेटवर्क नसलं तरी दुसऱ्या कोणाचा टॉवर असेल तर तो कॉल जातो. तेही नसेल तर उपग्रह. आयफोन १४ आणि पुढच्या मॉडेलमध्ये ही सोय अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ पासून आहे. गूगलने पिक्सेल ९ मध्ये २०२४ ला आणली. आयफोन ज्या उपग्रहांशी बोलतो ते सुमारे १,४०० किमीवर असतात आणि वेगाने सरकत जातात, म्हणून स्क्रीन तुम्हाला "डावीकडे वळा" वगैरे सांगते. मोकळ्या आकाशाखाली छोटा मेसेज जायला १५ सेकंद लागू शकतात. झाडाखाली मिनिटाहून जास्त. कॅन्यनच्या तळाशी मात्र उपग्रह भिंतीआडून यायची वाट बघावी लागते, आणि कधी कधी मेसेज जातच नाही. जखमी माणूस तिथून चढून वर येऊ शकत नाही हे लक्षात घ्या. सेटिंगमध्ये उपग्रह जोडणीचा डेमो असतो, तो निघण्याआधी एकदा करून बघा.

आयफोनमधलं क्रॅश डिटेक्शन ॲपलने मोटारींच्या अपघातांसाठी बनवलंय, बाइकसाठी नाही. त्यावर विसंबू नका. दोघं-तिघं जात असाल तर पुढच्याने प्रत्येक फाट्यावर मागचा आरशात दिसेपर्यंत थांबायचं. हा नियम कुठल्याही ॲपपेक्षा भारी आहे. घरी किंवा हॉस्टेलवर कोणाला तरी मार्ग आणि पोहोचायची वेळ लिहून पाठवा, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचं तेही.

पाणी प्रत्येकी दिवसाला चार लिटर. कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो, त्यामुळे आपण किती आटतोय हे कळतच नाही. हवा शरीरापेक्षा गरम असली की वारा गारवा देत नाही, भाजतो. म्हणून उकाड्यातही जॅकेट अंगावरच.

वारंवार जाणारे लोक गार्मिन इनरीचसारखं वेगळं उपकरण नेतात. ते इरिडियमच्या ६६ उपग्रहांशी बोलतं, दोन्ही बाजूंनी मेसेज जातो आणि फोन बंद पडला तरी चालतं. तिथे ते भाड्यानेही मिळतं. माझं मत विचाराल तर भाड्यानेच घ्या, आणि परत करूनच विमानात बसा. भारतात सरकारी परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा असं उपकरण बाळगणं गुन्हा आहे, आणि बॅगेत इनरीच सापडल्यामुळे परदेशी पर्यटकांवर आपल्या विमानतळांवर कारवाई झालेली आहे. आयफोनमध्ये आतच असलेल्या सोयीला ही अडचण येत नाही, पण ती ठरावीक देशांतच चालते आणि हा लेख लिहिताना भारत त्या यादीत नाही. म्हणजे लडाख किंवा स्पितीच्या राइडला तिच्या भरवशावर निघता येणार नाही.